बारदान वजा जाता

मु. पो. मिरजगाव, ता. कर्जत
रंगपंचमी, १९७३

तीर्थस्वरूप आक्का,

धाकट्या गहिनीनाथाचं डोकं तुझ्या पायांशी. (प्रत्यक्ष वाकवत नाही, म्हणून पत्रातून ठेवतोय.) हे पत्र तुला वाचून दाखवणारे आमचे दाजी, रा. रा. आसारामजी, यांसही नमस्कार. दाजी, सहा वर्षांनी तुमचं नाव माझ्या पत्रात येतंय, तेव्हा चष्मा पुसून घ्यावा. कंसातला मजकूर तुमच्यापुरता आहे, तो मनात वाचावा. बाकीचा मोठ्यानं वाचावा आणि गाळू नये. आक्का, वाचताना दाजी मध्येच खोकले तर समज, त्यांनी एक ओळ गाळली.

तुझा गुडघा कसा आहे? तुमच्या खर्ड्याच्या विहिरींनी तळ दाखवला असं इकडं कळलं. जनावरं छावणीत घातली की घरीच ठेवलीत ते कळव. आमच्याकडं आज रंगपंचमी झाली म्हणायची. पोरांनी एकमेकांना कोरडी माती लावली आणि आयांचा मार खाल्ला, कारण धुवायला पाणी कुठून आणायचं? माझी तब्येत विचारशील तर ती भरपूर आहे. एक क्विंटल बेचाळीस किलो, बारदान वजा जाता. तुला हे नीट सांगितलं पाहिजे. धान्याचं पोतं काट्यावर चढलं की रिकाम्या पोत्याचं वजन त्यातून वजा करतात, त्याला आम्ही मापाडी बारदान म्हणतो. माणसाचं बारदान म्हणजे धोतर, सदरा, टोपी. ते आमच्या गोरक्षनं एक किलो धरलं. मी म्हटलं, बाबा, एवढ्या अंगाला धोतर किती लागतं ते तरी बघ. पण तो माझ्याच हाताखाली शिकलेला मापाडी आहे, ठरलेलं बारदान बदलत नाही.

आता तू विचारशील, माणूस काट्यावर चढलाच कशाला? ते सांगण्यासाठीच बसलो आहे. (दाजी, इथून पुढं थोडं सावकाश वाचा.) यंदा बाजारात धान्य नाही, त्यामुळं मापाड्याला काम नाही. तीन वाशांना टांगलेला आपला काटा चार महिने नुसता वाऱ्यावर हलतोय. मग ओव्हरसियरनं मला रस्त्याच्या खडी फोडायच्या कामावर नेलं, सुकडी मोजून द्यायला. सुकडी म्हणजे सरकार मजुरांना देतं तो गोडसर भरडा, तुमच्याकडंही मिळत असेलच. तर चित्र डोळ्यांपुढं आण आक्का. उन्हात चारशे माणसं खडी फोडतायत, एकेकाच्या बरगड्या मोजून घ्याव्यात. आणि त्यांना हातावर मोजून सुकडी देणारा माणूस कोण, तर तुझा भाऊ. मी रोज पहिलं माप टाकताना रीतीप्रमाणं 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणतो. ते म्हटलं की रांगेतले सगळे माझ्या पोटाकडं बघतात.

तिसऱ्या दिवशी बनुबाई नावाची एक म्हातारी पदर पसरून पुढं आली. सुकडी घेतली, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "सुकडी आमच्या नावाची, आन अंग ह्येंच्या नावाचं." रागानं नव्हे हो. पाऊस नाही म्हणावं तसं म्हणाली. रांग हसली नाही, त्याचंच मला वाईट वाटलं.

पुढं कुणीतरी अर्ज केला की मापाडी सुकडी खातो. साहेब जीपमधून आले. भला माणूस, पण नुकताच परीक्षा पास झालेला. त्यांनी हिशेबाची वही पाहिली, पोती पाहिली, सगळं बरोबर निघालं. मग माझ्याकडं पाहिलं, आणि त्यांचा स्वतःच्या तपासावरचा विश्वास उडाला. त्यांनी हुकूम केला की या माणसाचं आज वजन करा आणि आठ दिवसांनी पुन्हा करा, वाढलं तर खातो. काटा बाजारातून बैलगाडीनं आणला. एका पारड्यात मी मांडी घालून (म्हणजे घालता येईल तेवढी घालून), दुसऱ्यात लोखंडी वजनं. ती कमी पडली म्हणून वर मिलोचं, म्हणजे रेशनवरच्या त्या लाल अमेरिकन ज्वारीचं, एक पोतं. चारशे माणसांनी हातोडे खाली ठेवले. गोरक्षनं माझ्याकडं न बघता 'लाभ' म्हटलं. तीस वर्षं मी काट्याच्या अलीकडं उभा आहे. पारड्यातून जग कसं दिसतं ते मला त्या दिवशी कळलं. सगळे माझ्याकडंच बघत होते, आणि माझ्याशी बोलत कुणी नव्हतं.

मग मी आठ दिवस जवळजवळ उपाशी काढले. शनिवारी दोन किलो कमी भरलो. मला वाटलं, सुटलो. पण लोक म्हणाले, बघा, आता खाणं बंद केलं म्हणून घटला, म्हणजे आधी खात होता. साहेबांनाही ते पटलं. मी त्यांना विचारलं, वाढलो तर खातो, घटलो तर खात होतो, मग मी करावं तरी काय? ते म्हणाले, तेवढंच राहायला हवं होतं. आता मी सुकडीवर नाही. खडीच्या पाट्या मोजतो. खडी कुणी खात नाही. (वजन पुन्हा बेचाळीसवर आलं आहे. विचारू नये.)

त्या गर्दीत लस टोचायला आलेला एक तरुण डॉक्टर होता. त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं की पुण्यात त्याचे गुरू आहेत, अमेरिकेत राहून आलेले, ते पोट कमी करायचं ऑपरेशन करतात. चिठ्ठीही दिली. म्हणून गेल्या आठवड्यात मी पुण्याला जाऊन आलो. एस.टी.चं सांगत नाही. एवढंच सांगतो की नगरपासून पुण्यापर्यंत गाडी भरलेली असून माझ्या शेजारची जागा रिकामी गेली. जागा अर्धीच उरते ना, अर्ध्या जागेवर कोण बसणार? चार वर्षांत गाडीत माझ्या शेजारी कुणी बसलेलं नाही.

तिथल्या दवाखान्यातला काटा एकशे वीसवरच संपत होता. मी माझं वजन तोंडी सांगितलं, बारदान वजा जाता. मोठे डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. बारदान म्हणजे काय ते त्यांना समजावून सांगितलं तर खूश झाले, म्हणाले, इतका नेमका पेशंट मला पहिल्यांदा मिळाला. मग कागदावर चित्र काढून त्यांनी ऑपरेशन सांगितलं. आतडं बरंच लांब असतं. त्याची सुरुवात आणि शेवट एकमेकांना जोडायचा, मधला भाग बाजूला. कापून टाकायचा नाही, पोटातच राहू द्यायचा, फक्त त्याच्याकडं अन्न जाणार नाही. म्हणजे आहे घरातच, पण त्याला कुणी विचारत नाही. मी म्हटलं, ते मला समजलं, डॉक्टरसाहेब, पुढं सांगा.

पुढं असं की मग कितीही खाल्लं तरी अंगाला लागत नाही. आक्का, सगळा तालुका यंदा अंगाला लागेल असं काही शोधतोय, आणि तुझा भाऊ अंगाला न लागायचं ऑपरेशन करून घ्यायला निघालाय. बनुबाईला हे सांगायची माझी छाती नाही. धोका किती विचारलं तर डॉक्टर म्हणाले, मी अशी तीन केली. एक माणूस आता सायकल चालवतो. दुसरा दिवसातून आठ वेळा टमरेल घेऊन जातो, पण तक्रार करत नाही. तिसऱ्याचं विचारलं तर ते टेबलावर पेन शोधायला लागले. (पेन त्यांच्या हातातच होतं, दाजी. हे आक्काला सांगू नये.)

आणि न करावं तर? तर ते म्हणाले, काळीज किती दिवस एवढा गाडा ओढील सांगता येत नाही. पाच वर्षं, दोन वर्षं. म्हणजे एका पारड्यात हे आणि दुसऱ्यात ते, आणि जन्मभर काटा धरलेल्या माणसाला काटा कुणीकडं झुकतोय ते दिसेना. आशा म्हणशील तर माझी फार मोठी नाही. सायकल मला नको. खाली वाकून स्वतःच्या पायताणाचा बंद बांधावा, गाडीत कुणाच्या तरी शेजारी बसावं, आणि एकदा पंगतीत सरळ मांडी घालून पाटावर बसावं.

पाटाचं नाव निघालंच आहे तर बोलून टाकतो. (दाजी, खोकू नका.) सहा वर्षांपूर्वी तुमच्या रतनच्या लग्नात माझ्याखालचा पाट मोडला आणि दाजी भर पंगतीत म्हणाले, पाहुण्याला पाट नको, घराचा उंबराच काढून द्या. सगळी पंगत हसली. मीही हसलो, आणि भरल्या पानावरून उठून हात धुतला. तुझी भावजय राही बुंदी वाढत होती, तिनं परात खाली ठेवली आणि ती माझ्यामागून निघाली. घरी पोचल्यावर तिनं चूल पेटवली. मग पितळी वाटीनं चार वाट्या पीठ घेतलं, चार भाकरी थापल्या आणि म्हणाली, "दोन तुमच्या, दोन माज्या. आता कुनाच्या पंगतीला जायाचं न्हाई." आणि मी गेलो नाही. चार वर्षांपूर्वी राही गेल्यावर दाजी दहाव्याला आले होते, पिंपळाखाली लांब बसले होते, ते मी पाहिलं. मी बोलावलं नाही आणि ते उठून आले नाहीत. तो दिवस माझ्या मनातून जात नाही.

आता एक तुलाच सांगतो. राही होती तेव्हा मी एकशे दहा किलो होतो, हे मान्य. पण चार वर्षांत बत्तीस वाढलो ते कशानं, हे साहेबालाही कळलं नाही आणि डॉक्टरलाही नाही. मला तिच्याच मापानं स्वयंपाक येतो. ती वाटी, चार वाट्या पीठ, चार भाकरी. तीन वाट्या घेऊन पाहिल्या, हात थांबतो. मापाड्यानं आयुष्यात कधी माप हलकं केलं नाही, ते घरात कसं करू? भाकरी टाकावी तर दुष्काळ, कुत्र्याला घालावी तर समोरून बायका बघतात. म्हणून तिच्या वाटच्या दोन मीच खातो. शेवटच्या आजारात कर्जतच्या दवाखान्यात राही बत्तीस किलो भरली होती. असले हिशेब डोक्यात येतात, त्याला माझा इलाज नाही. पण डॉक्टर म्हणाले की वर्षात तीस-पस्तीस किलो सहज जातील, तेव्हा आनंद व्हायच्या ऐवजी मला रडू आलं. डॉक्टरांना वाटलं, मी ऑपरेशनला घाबरलो.

बाकी ठीक आहे. माझी काळजी करू नये, इकडं मला बघणारी पुष्कळ माणसं आहेत, चारशे तरी असतील. गुडघ्याला तेल लावत जा. लहानथोरांना माझा यथायोग्य निरोप.

तुझा
गहिनीनाथ

ता. क. (दाजींसाठी, मनात वाचावे.) पुण्यात डॉक्टरांनी शेवटी एक छापील कागद पुढं केला आणि विचारलं, "पेशंटबरोबर कोण आहे?" मी मागं वळून पाहिलं. कुणी नाही हे मला ठाऊक होतं, तरी पाहिलं. त्या कागदावर जवळच्या नातेवाइकाची सही लागते, वाचून समजून केलेली, अंगठा चालत नाही. त्याशिवाय ते सुरीला हात लावत नाहीत. पुढच्या गुरुवारची तारीख दिली आहे. मी तिथल्या तिथं रिकाम्या जागेत तुमचं नाव लिहून टाकलं, नात्यापुढं 'दाजी' लिहिलं. डॉक्टर म्हणाले, दाजी म्हणजे कोण? मी म्हटलं, आमच्या घरातलं मोठं माणूस. आता तुम्ही मला खोटं पाडायचं की नाही ते बघा.

आणखी एक. (हेही मनात.) सुकडीचा कणसुद्धा मी तोंडात टाकलेला नाही, आईची शपथ. पण माझ्या रेशनकार्डावर अजून दोन माणसं आहेत. राहीच्या नावाची मिलो मी चार वर्षं उचलतोय. नाव कमी करायला तीनदा कर्जतच्या कचेरीत गेलो आणि तीनदा जिना चढवला नाही असं लोकांना सांगून परत आलो. तिथं जिना नाही, एकच पायरी आहे. तेव्हा बनुबाई अगदीच चूक नव्हती, फक्त नाव चुकलं.

शेवटचं. हे मोठ्यानं वाचा, आक्कालाही ऐकू द्या. ऑपरेशन करायचं की नाही ते मी अजून ठरवलेलं नाही, सहीचंही नंतर पाहू. येत्या रविवारी दुपारी तुम्ही दोघांपैकी कुणीतरी एक जेवायला या. येताना काही आणू नका. दोघं एकदम येऊ नका, तिघांचं माप मला जमायचं नाही. पण एक जण या, दाजी, तुम्हीच या. भाकरी चार होतात, आणि आता मला दोनच्या पुढं जात नाहीत.