फडताळातल्या तारखा

ता. ४ मार्च

चि. चिमणीस, म्हाताऱ्याचे पोटभर आशीर्वाद.

तू गेल्यावर फडताळ उघडलं. आत एक वर्तमानपत्र आणि काडेपेटी. काडेपेटीवर तारीख नसते म्हणून ती वाचली असावी. डाळ गेली, साखर गेली, मध गेला, इथवर मी गप्प बसलो. पण मीठसुद्धा? मिठात घालून लोक दुसऱ्या वस्तू टिकवतात, ते स्वतः कसं नासेल? मी चौथी शिकलेला, तू मास्तरीण. तूच सांग.

डबाबंदीच्या कारखान्यात एकतीस वर्षं मीच तारखेचे शिक्के मारले, हे तू विसरलीस. साहेबांची चिठ्ठी यायची, दोन वर्षांची मुदत घाला. पुढच्या महिन्यात यायची, दीडच घाला. वाटाणे तेच, पाणी तेच. एकदा मी महिन्याची चकती फिरवायला विसरलो आणि पाळीभर डबे मागच्याच महिन्याचे निघाले. मुकादम म्हणाला राहू दे, डब्यांना कुठे कळतंय. कोरडी वस्तू कोरडी ठेवली, कीड नाही, वास नाही, तर तारीख उलटली म्हणून तिचं विष होत नाही. फार तर चव उतरते.

जाताना तू दारात म्हणालीस, पुन्हा पोट बिघडलं तर घराला कुलूप लावून मला घेऊन जाशील. तेव्हापासून पोटात नुसतं गुरगुरलं तरी मला घाम फुटतो. तुझं घर चांगलं आहे, जावईबापूही चांगले. पण सातव्या मजल्यावर मी दिवसभर काय करू, लिफ्टची बटणं दाबू?

उत्तर लवकर धाड. रागाव, पण माया पातळ करू नकोस.

तुझा बाबा

ता. ९ मार्च

ती. बाबांना सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं ऐकायचं नसतं, म्हणून लिहिते. मिठाचं चुकलं. तुमचे जावई म्हणतात, मी जप्ती करायला गेल्यासारखी वागले. पण तुम्ही दोन दिवस सलाईनवर होतात. डॉक्टर म्हणाले, काहीतरी खराब खाण्यात आलंय. तुम्हाला विचारलं तर म्हणे चहा-बिस्किटं. मग फडताळात अकरा पुड्या मुदत संपलेल्या निघाल्या. मी काय समजायचं होतं?

वाटाण्याचे बारा डबे घेतले. सहा तुम्हाला पाठवलेत, सहा आम्हाला ठेवलेत. तारीख दोन वर्षं पुढची आहे. निमूटपणे खा आणि खाल्ले म्हणून कळवा. कुलपाचं मी गमतीत बोलले नव्हते.

तुमचा हट्ट सोडून बाकी सगळा लोभ माझ्यावर असू द्या.

तुमची चिमणी

ता. १३ मार्च

चि. चिमणीस आशीर्वाद.

खालच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरला तुला फोन करायला सांगितलंय. तो धांदरट आहे, अर्धंच सांगेल, म्हणून हेही लिहितो. ते डबे उघडू नका. माझ्या सहांपैकी दोन डब्यांची झाकणं फुगलीत. दाबलं की टक्कन आत जातात आणि पुन्हा वर येतात. चांगल्या डब्याचं झाकण सपाट असतं, नाहीतर जरा आत बसलेलं. असा डबा चाखून बघायचा नसतो, वास घ्यायलाही उघडायचा नसतो. माणूस जातो त्याने. कारखान्यात आम्ही ते लांब नेऊन टाकत असू.

भिंग लावून तारीख वाचली. दोन वर्षं पुढचीच आहे. चिमणे, तू तारीख वाचलीस, झाकण बघितलं नाहीस. शाळेत काय शिकवतेस कोण जाणे. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. तुम्ही सगळे बरे आहात एवढं कळव, बाकी काही नको.

बाबा

ता. १७ मार्च

ती. बाबांना सा. न. वि. वि.

आम्ही बरे आहोत. कंपाउंडरचा फोन आला तेव्हा डबा फोडायची चावी माझ्या हातात होती. आमच्याकडचाही एक फुगलेला निघाला. न उघडता सगळे पिशवीत बांधून दुकानदाराकडे नेले. तो तारखेवर बोट ठेवून वाद घालत होता, अगदी माझ्यासारखा.

सोबत मिठाची पुडी पाठवते. तिच्यावरची तारीख पेनाने खोडली आहे. आता तुम्हीही खरं सांगा. फडताळातल्या वस्तूंनी नाही, तर मग तुमचं पोट कशाने बिघडलं? कुलपाचं काय करायचं ते उत्तर वाचून ठरवीन.

वाट बघतेय, टाळू नका.

चिमणी

ता. २२ मार्च

चि. चिमणीस आशीर्वाद.

पुडी वाटेत फुटली. टपालवाला माझ्यावरच खेकसला. निम्मं मीठ मिळालं, चांगलं आहे.

दोन दिवस कागद पुढे घेऊन बसलो होतो. तो भात होता. तुझी आई गेली, तरी मी अजून दोघांचे दोन वाट्याच तांदूळ धुतो. हाताला दुसरं माप ठाऊक नाही. उरलेला टाकवत नाही. दोन दिवस ओट्यावर तसाच होता, तो गरम करून खाल्ला. जरा चिकट लागला होता. त्याच्यावर तारीख नव्हती, आणि ती घालायचं काम माझं होतं. तुला सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी कुलूप आणलं असतंस.

काल बाजारातून लहान पातेलं आणलं, एका वाटीचं. कुलूप आणायचं तर आण. पण आधी ते पातेलं बघून जा.

बाबा