न फाडलेलं पान

आप्पा,

तुमच्या दवाखान्याचं जुनं रजिस्टर उद्या माझ्या हातातून जाणार आहे, म्हणून लिहायला बसले. जिल्ह्याच्या इस्पितळात नव्या डॉक्टरांचा एक वर्ग भरतो. सैन्यातून परतलेल्या माणसांची दुखणी कशी ओळखायची, ते मी तिथे शिकवते. शिकवायला खरी नोंद हवी, म्हणून त्यांनी रजिस्टर मागितलं. काल तिथले मोठे डॉक्टर ते चाळताना, चुकलेलं निदान म्हणून मी खूण घातलेल्या एका पानावर थांबले आणि फार सौजन्याने म्हणाले, "मॅडम, हे एवढं पान काढून ठेवा. वडिलांचं नाव उगाच खराब होईल." मी नाही म्हटलं. त्याचं कारण त्यांना सांगण्याआधी तुम्हाला सांगायला हवं.

चीनच्या लढाईनंतरचा उन्हाळा. मी मुंबईहून डॉक्टर होऊन आलेली, श्रीवर्धनला तुमच्या टेबलाशेजारी बसून तुम्ही सांगाल ते रजिस्टरात लिहिते आहे. बोर्ली पंचतनच्या पुढच्या खेड्यातला एक माणूस धाकट्या भावाबरोबर येतो आणि हात मांड्यांना चिकटवून ताठ उभा राहतो. तुम्ही विचारता, "काय होतंय?" तो म्हणतो, "काय न्हाय साहेब." भाऊ चिडतो. "काय न्हाय काय? पायाची बोटां गेली. उरली त्यांना टाचणी टोचली तरी कळत न्हाय याला." मी विचारलं, "पलटणीत होतात का?" आणि तुम्ही त्याच्यादेखत मला गप्प केलंत. "हा दवाखाना आहे, मामलेदार कचेरी नाही. रोग अंगावर लिहिलेला असतो. तो वाचायला शीक." मग तुम्ही तो वाचलात: महारोग. भावाला हलक्या आवाजात सांगितलंत, "याचं ताट-भांडं वेगळं ठेवा." आपल्या किनाऱ्यावर बधिर, झडलेली बोटं म्हणजे दुसरं काय असणार? बर्फ आपल्याला ठाऊक होता तो मासळीच्या पेटीतला. त्याने पाय झडतात हे तुम्ही पाहिलेलं नव्हतं, मीही नव्हतं. तेवढ्यापुरती तुमची बाजू मला मान्य आहे. त्यापुढची नाही.

तो पावसाळा त्याने गोठ्याच्या पडवीत काढला. ताट बाहेर सरकवलं जायचं. त्याच्या मुलीला जवळ जाऊ देत नव्हते. दिवाळीच्या आधी, तुम्हाला न विचारता, मी एसटीने त्या खेड्यात गेले. त्याचं कोपर चाचपलं. महारोगात तिथली नस जाड होते. ती जाड नव्हती. हातांना सगळं कळत होतं. बधिरपणा फक्त पावलांच्या टोकांना, दोन्हीकडे सारखा. त्याने मेणकापडाच्या पिशवीतून कागद काढले. लष्करी इस्पितळाने इंग्रजीत स्वच्छ लिहिलं होतं, पाय बर्फाने गेले म्हणून. घरात इंग्रजी कुणाला येत नव्हतं. "मग दवाखान्यात 'काय न्हाय' का म्हणालात?" मी विचारलं. तो म्हणाला, "पलटणीत दुखतंय बोललो का कामचोर ठरतो, बाई. तोंडाला सवय लागली." मी अंगणात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, हा महारोग नाही. भाऊ खाली मान घालून उभा होता. त्याची बायको पडवीतून त्याचं ताट घेऊन आली आणि दिराला म्हणाली, "ऐकलाव ना भावजी? बर्फ बोटां खातो, भांडी न्हाय खात." ताट तिने घरातल्या ताटांत नेऊन ठेवलं.

घरी येऊन तुम्हाला सांगितलं. तुम्ही सुपारी कातरत होतात. अडकित्ता थांबला नाही. म्हणालात, "डॉक्टरने शब्द मागे घेतला की गाव दुसऱ्या दिवशी भगताकडे जातं." त्या घरी तुम्ही कधी गेला नाहीत, रजिस्टरातली नोंदही बदलली नाहीत. गाव काही भगताकडे गेलं नाही, आप्पा. माझ्याकडे आलं. तोफेने बहिरे झालेले, घरच्यांनी अडेल ठरवलेले आले. सुरुंगाच्या आवाजाला जमिनीवर पालथे पडणारे आले. मी प्रत्येकाला पहिला प्रश्न तोच विचारला, जो तुम्ही मला विचारू दिला नव्हतात.

आता तोच प्रश्न मी मुलांकडून मोठ्याने म्हणवून घेते. ती लाजतात. परवा एक म्हणाला, "मॅडम, एक्स-रे काढला की कळेलच ना?" मी म्हटलं, "एक्स-रेत बर्फ दिसला तर मला बोलाव." वर्ग हसला, तोही हसला, आणि मग त्याने प्रश्न म्हणून दाखवला. पान फाडलं तर या मुलांना वाटेल, असली चूक अडाणी माणसाच्या हातून होते. ती चांगल्या डॉक्टरच्या हातून झाली, हेच मला त्यांना दाखवायचं आहे. तुम्ही चांगले डॉक्टर होतात.

एक गोष्ट मोठ्या डॉक्टरांना मी सांगितलेली नाही. त्या पानावरचा 'महारोग' हा शब्द माझ्या अक्षरात आहे. मेणकापडाची ती पिशवी त्या दिवशीही त्याच्या काखेत होती. मी पाहिली होती. तुम्ही एकदा दटावलंत आणि मी पुन्हा विचारलं नाही. उद्या वर्गात हे सांगेन.

सुपूर्द: श्रीवर्धन दवाखान्याचे रुग्णनोंद रजिस्टर, एक. पाने सर्व. एका पानावर रुग्णाच्या नावावर कागदाची पट्टी चिकटवली आहे. डॉक्टरांचे नाव व लिहिणारीचे अक्षर उघडे ठेवले आहे. सोबत त्याच पानासाठी दुरुस्तीची चिठ्ठी, माझ्या सहीची. हे पत्र सोबत दिलेले नाही.