तिसरा आग्रह

९ नोव्हेंबर, सकाळ

...मग मी तांदूळ धुतले, ते पाणी झाडांना घातलं, गाद्या कठड्यावर उन्हात टाकल्या आणि मागच्या दारी मुळ्याचा पाला निवडत बसले. पुढे दुकानात हे शाळेतल्या बाईंच्या सायकलला हवा भरत होते. पंपाचा आवाज येत होता. मी आतूनच विचारलं, मुळा वाफवू की किसू. हे म्हणाले, काहीही. मी म्हणाले, काहीही नावाची भाजी बाजारात मिळत नाही. एवढंच. दुसऱ्या दिवशी दुपारी हे गेले. दोन वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी लक्षात ठेवण्यासारखं काही घडलं नव्हतं, आणि आठवते तीच. मुळा किसला होता.

खरं तर मी हे सगळं लिहायला बसले नव्हते. मुलाचा, नोबुचा फोन आला होता, ते लिहायचं होतं. तो, सून मिहो, त्यांची दोन्ही मुलं आणि मी, असे सगळे मिळून डोंगरातल्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर जाणार आहोत. जुन्या पद्धतीचं मोठं हॉटेल. खोलीत चटया, प्रत्येक खोलीला स्वतःचं कुंड, जेवण खोलीत आणून देतात. मी म्हणाले, एवढा थाट कशाला. तो म्हणाला, बाबांना जाऊन दोन वर्षं होतील, सगळे एकत्र राहू. आणि आई, तुझ्याशी एक बोलायचंही आहे.

काय बोलायचं ते मला माहीत आहे. नागोयाला आमच्याकडे राहायला ये, असं म्हणणार.

पहिल्यांदा त्याने विचारलं ते ह्यांच्या एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी झाल्यावर. मी नाही म्हणाले. दुसऱ्यांदा नवीन वर्षाला, तांदळाच्या मोची भाजताना. मी नाही म्हणाले. आमच्या गावात कुणी संत्री घेऊन आलं तरी दोनदा नको म्हणायचं असतं. पहिल्याच वेळी हात पुढे करणाऱ्याला लोक नावं ठेवतात. तिसऱ्यांदा विचारलं, की तो खरा आग्रह. आता हा तिसरा.

अर्थात मी तिसऱ्यांदाही नाहीच म्हणणार आहे. माझं घर आहे, पुस्तकं आहेत, शेजार आहे.

लोणच्यावर ठेवायचा दगड शेजारच्या इवासे बाईंना देऊन टाकला. उचलताना जड होतो, म्हणून. दुसरं कारण नाही.

११ नोव्हेंबर

नागोयाच्या घरात पुढची खोली रिकामी असते. तिच्या खिडकीचं माप नोबुला सहज विचारलं होतं. त्याने मोजून कळवलं आणि कशाला हवं विचारलं. मी म्हणाले, सहज.

पडदे शिवून झाले. निळसर, बारीक रेघांचे. कापड घरात पडूनच होतं. नकार दिल्यावर हातात ठेवीन, म्हणजे त्यांना वाईट वाटायचं नाही.

नकाराचं वाक्य तयार करून देव्हाऱ्यापुढे म्हणून पाहिलं. नोबु, तुमचा माझ्यावर जीव आहे हे मला कळतं, पण. पणच्या पुढचं अजून नीट बसत नाही. प्रवासात बसेल.

काही गोष्टी ठरवल्या आहेत. तिथे कामाला हात लावायचा नाही. मुलांना रागवायचं नाही. ह्यांचा विषय काढायचा नाही. पाहुण्यासारखं बसायचं, जाड पुस्तक वाचायचं. बाई एकटी किती छान राहते, हे त्यांना दिसलं पाहिजे.

ह्यांचा फोटो बॅगेत घेतला. घरात एकटा राहिला तर धूळ बसते.

१३ नोव्हेंबर, दुपार

पोहोचलो. दारात बायका ओळीने गुडघ्यांवर बसून वाकल्या. मीही वाकले. त्या आणखी वाकल्या, मग मीही. नोबु म्हणाला, आई, आत चल, नाहीतर रात्र होईल.

खोली मोठी. खोलीबाहेर कुंड, वाफा, पलीकडे लाल झालेली झाडं. गाकुने आल्या आल्या पायातल्या स्लिपर हातांत घातल्या आणि ओसरीभर रांगत फिरला. तो पाच वर्षांचा आहे. मी काही बोलले नाही. मग त्याने कागदी सरकत्या दाराला बोट लावलं आणि ते बोट पलीकडे निघालं. तरीही बोलले नाही. भोकासमोर माझी उशी ठेवून तिला टेकून बसले. त्यामुळे आता मला तिथून उठता येत नाही. पाहुण्याने असंच बसायचं असतं.

भिंतीवर मोठी अक्षरं लिहिलेली गुंडाळी टांगली आहे, फार गिचमिड. मी शाळा लवकर सोडली, पण दुकानात बसून वाचायला माझी मीच शिकले. त्याचा मला गर्व नाही. कोतोहाला समजावून सांगितलं, बघ, ह्याचा अर्थ दीर्घायुष्य. अक्षराचं वळणच सांगतं. कोतोहा नऊ वर्षांची आहे आणि मेजावर ठेवलेली माहिती वाचते. ती म्हणाली, आजी, इथे धबधबा लिहिलंय. मी म्हणाले, तेच ते.

आमच्या खोलीचं सगळं बघणाऱ्या बाईंचं नाव किनुए. माझ्याच वयाच्या असतील. चहाबरोबर चेस्टनटची वडी पुढे केली. मी नको म्हणाले. त्या म्हणाल्या, इथलीच आहे, घ्या ना. नको, जेवण जायचं नाही. अहो, एवढीशी तर आहे. मग घेतली. ह्याला म्हणतात विचारणं. मिहोलाही त्यांनी विचारलं. ती नको म्हणाली आणि खरंच घेतली नाही. आजकालच्या मुली.

१३ नोव्हेंबर, जेवणानंतर

जेवायच्या आधी सगळ्यांनी हॉटेलचे सुती किमोनो घातले. गाकुला मी घालून दिला. समोर गुडघ्यांवर बसून, बाह्या सरळ करून, एक बाजू दुसरीवर नीट बसवून, पट्टा बांधून. हलू नको म्हणाले तर खरंच हलला नाही. गुणी पोर.

ताटं आली. किनुए बाई गाकुपुढे वाकल्या आणि तशाच थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, छोट्या साहेबांचा पट्टा सैल झालाय, जरा बांधून देऊ का. कोतोहा म्हणाली, पट्टा नाही, बाजू उलट्या झाल्यात. उजवी वर आलीय. शवपेटीत आजोबांना तशी घातली होती ना.

मिहोने हातातल्या जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या. गाकुने विचारलं, मग मी मेलोय का. नोबु म्हणाला, नाही. मासा खा.

समोर बसून घातलं की डावं-उजवं उलटं होतं. कुणाचंही होईल. नोबु लहान असताना झालं नव्हतं, पण तेव्हा डोळे चांगले होते. त्यानंतर समोर बसून मी फक्त एकदाच कुणाला किमोनो घातला आहे. हात शेवटचं केलेलं लक्षात ठेवतात. त्यात विशेष काही नाही.

मासा चांगला होता, म्हणतात.

मिहो बराच वेळ माझ्याकडे बघत होती. ही बाई एकटी राहू शकत नाही, असं तिला वाटलं असणार. म्हणजे आग्रह तिच्याकडूनच येईल. एका अर्थी बरं झालं. मी नाहीच म्हणणार, ते वेगळं.

१४ नोव्हेंबर, सकाळ

पहाटेच जाग आली. कामाला हात लावायचा नाही हे लक्षात होतं, म्हणून फक्त माझी गादी घडी करून ठेवली. मग नोबुची, तो न्हाणीघरात होता तेवढ्यात. मग कोतोहाची. ती त्यात होती, हे घडी घालताना कळलं. हॉटेलात गाद्या तिथल्या बायकाच घालतात आणि काढतात, असं मिहो अर्धवट झोपेत म्हणाली. मला माहीत आहे ते.

म्हणून खाली मोठ्या कुंडावर गेले. काल संध्याकाळी उजवीकडच्या दारातून गेले होते, आजही तिकडूनच गेले. वाफ खूप. पाण्यात एक आजोबा डोक्यावर पंचा ठेवून बसले होते. मी म्हणाले, सुप्रभात. ते म्हणाले, सुप्रभात. मला वाटलं, बाईंचा आवाज बसलाय. गार हवेत बसतो. मी विचारलं, आल्याचा काढा घेता का. ते म्हणाले, माझी बायको करायची. मी म्हणाले, हे माझ्याकडून करून घ्यायचे आणि प्यायचे नाहीत. मग नोबु गाकुला घेऊन आत आला. गाकु म्हणाला, आजी. नोबु होता तसा मागे वळला आणि गाकुला काखेत उचलून बाहेर गेला.

रात्रीतून हॉटेलवाले दारांवरचे पडदे बदलतात. काल बायकांचं होतं ते आज पुरुषांचं. दोन्ही कुंडांचा आनंद सगळ्यांना मिळावा म्हणून. बाहेर तसं लिहिलेलं आहे. मी वाचलं नाही, कारण काल वाचलं होतं.

आजोबांनी डोळे मिटून घेतले आणि मी बाहेर पडेपर्यंत उघडले नाहीत. सभ्य माणूस.

नाश्त्याला नोबु माझ्याकडे न बघता म्हणाला, आई, तू बरी आहेस ना. मी म्हणाले, उत्तम. त्याच्या तोंडावर काळजी स्पष्ट दिसत होती. आज विचारणार. पणच्या पुढचं वाक्यही जमलं आहे. पण तुम्ही एवढं म्हणताय तर बघू. हे नकारातच मोडतं, फक्त ऐकायला बरं वाटतं.

१४ नोव्हेंबर, संध्याकाळ

दुपारी नोबुने मुलांना तळ्यातले मासे बघायला पाठवलं आणि दार सरकवलं. मिहोही बसली. तो म्हणाला, आई, बोलायचं होतं. मी पुस्तक मिटलं, पडद्यांची पिशवी जवळ घेतली.

मिहोच्या आई ओसाकाला तिसऱ्या मजल्यावर राहतात. लिफ्ट नाही, गुडघे गेलेत. पुढच्या महिन्यात त्या नागोयाला येताहेत, कायमच्या. पुढची खोली त्यांना देणार. मला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून त्याला समोरासमोर सांगायचं होतं.

मी विचारलं, किती वेळा विचारलंत त्यांना. त्याला प्रश्न कळला नाही. म्हणाला, एकदाच, फोनवर. त्या म्हणाल्या, अरे वा, कधी येऊ.

पहिल्याच वेळी. फोनवर.

मिहो म्हणाली, आई, तुम्हालाही दोनदा विचारलं होतं. नोबु आता परत विचारणार होता. मीच म्हटलं, त्या इतकं स्पष्ट नाही म्हणाल्यात, सारखं सारखं विचारून आपण त्यांच्या मागे लागल्यासारखं होतं. आमच्या माहेरी नाही म्हणजे नाही. तुमच्या शब्दाला मान द्यायला हवा ना.

तिचे डोळे भरले होते. चांगली मुलगी आहे. मी म्हणाले, बरोबर केलंस.

नोबु म्हणाला, कालपासून जरा काळजी वाटत होती. पण खाली विचारलं तर ते म्हणाले, कुंडाच्या दारांवरचे पडदे बदलले की रोज कुणीतरी चुकतं. मिहो म्हणते, आई आपल्या दोघांपेक्षा खंबीर आहेत. मी म्हणाले, आहेच.

मग त्याने एक खोकं काढलं. विजेची किटली आहे. घरी तिच्यात पाणी तापवलं की नोबुच्या फोनवर कळतं. म्हणजे आई उठली, आई बरी आहे. मी विचारलं, एखाद्या दिवशी मला चहाच नको असला तर. तो म्हणाला, मग मी फोन करीन. मी म्हणाले, आणि फोन असाच केलास तर. तो हसला. मी विनोद केला असं त्याला वाटलं.

पिशवीकडे बघून म्हणाला, पडदे ना. तू माप विचारलंस तेव्हाच मी मिहोला म्हटलं, आईला कुठून तरी कळलंय, आणि ती गुपचूप शिवतेय. ओसाकाच्या आईंना रंग आवडेल. मी म्हणाले, नाही आवडला तर बदलून देईन.

तयार केलेलं वाक्य तसंच राहिलं.

जेवताना किनुए बाईंनी विचारलं, भात वाढू का. नको म्हणाले. त्यांनी परत विचारलं, थोडा. नको म्हणाले. तेवढ्यात त्यांना शेजारच्या खोलीतून हाक आली आणि त्या गेल्या. भूक होती.

झोपायला सगळ्यांच्या गाद्या ओळीने घातल्या आहेत. गाकु पायाने माझी गादी ढकलतो आहे. एका बाजूला तो, एका बाजूला कोतोहा. असं झोपून फार दिवस झाले. ह्यांचा फोटो बॅगेतून काढला नाही. ओळीत जागा नव्हती.

१६ नोव्हेंबर, घरी

काल लिहिलं नाही. बोलणं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. स्टेशनवर त्यांची गाडी आधी होती. मिहो मुलांना घेऊन पुढे डबा शोधायला गेली, नोबु माझी बॅग धरून उभा होता. म्हणाला, जपून जा. मी त्याची बाही धरली आणि म्हणाले, मला यायचं होतं. तेव्हाच पलीकडून मालगाडी गेली. तो म्हणाला, काय. मी म्हणाले, काही नाही. तो खाली वाकला आणि म्हणाला, आई, काय म्हणालीस. मी परत सांगितलं, मला यायचं होतं, नागोयाला.