तिसरा खांब

ती. मामांस,

वाकून नमस्कार (कंबर पूर्ण वाकत नाही, तेवढं समजून घ्या). तुमचा गुडघा आणि मामीचा खोकला कसा आहे? इकडे सगळे बरे आहेत, म्हणजे मी सोडून सगळे.

आमची बँक तुम्हाला ठाऊकच आहे. दर्शनी बाजूला ग्रीक धाटणीचे चार खांब, अंगावर उभ्या पन्हळी, शेंड्यांना मेंढ्याच्या शिंगांसारख्या गुंडाळ्या आणि वर तिकोनी माथा (त्यात कबुतरं राहतात, पुसायला मी). लहानपणी तुम्ही मला खांद्यावर घेऊन सांगितलं होतंत, की एकेक खांब अखंड दगडाचा आहे. तुम्ही गवंडी, दगडातलं तुम्हालाच कळणार. इथे शिपाई झाल्यापासून एकतीस वर्षं मी येणाऱ्याजाणाऱ्याला तेच सांगत आलो, आणि माझं ऐकून आमच्या मॅनेजरबाईंनी तेच सरकारी अर्जात लिहिलं. शुक्रवारी समिती पाहणीला येतेय. इमारत ऐतिहासिक ठरली तर शाखा इथेच राहील, नाहीतर नव्या संकुलात चौथ्या मजल्यावर जाईल आणि तिथली लिफ्ट फक्त ग्राहकांसाठी. माझी नोकरी चौदा महिने उरलीय, गुडघे तेवढे उरलेले नाहीत.

तर समितीसाठी बाईंनी पाटी करून आणली : 'खांब अखंड पाषाणाचे आहेत. हात लावू नये.' ती लावायचं काम माझं. तिसऱ्या खांबावर खिळा धरला, एक ठोका मारला आणि खिळा सरळ आत गेला. (तेव्हाच थांबायला हवं होतं. मी दुसरा मारला.) ताटाएवढी खपली निघून माझ्या पायावर पडली. आत विटा.

तेव्हापासून बँक उघडी असेतोवर मी त्या जागेला पाठ लावून उभा असतो. जेवतोही उभ्यानंच, हे पत्रही तसंच लिहितोय. काल बाई म्हणाल्या, "अहो, इतके दमलात तर रजा घ्या ना." रजा घेतली तर खांब उघडा पडेल, हे त्यांना कोणत्या तोंडानं सांगू? खरंच थकलो, मामा.

आशीर्वाद असू द्या.

तुमचा भाचा

ता. क. खपली फुटलेली नाही, पिशवीत जपून ठेवलीय. गुरुवारी बँक बंद आहे. थापी घेऊन या.

ता. क. २ : विटांवरच्या चुन्यात बोटानं लिहिलेलं तुमचं नाव निघालं. खाली माझं लाडाचं नाव आणि माझ्या जन्माचं साल. दोन दिवस तुमच्यावर रागवायचं ठरवतोय, जमत नाही. बुजवताना तेवढं खरवडू नका. समितीला मी अखंड दगडच सांगेन.