काळ्या झग्यांखालची घंटा

१ एप्रिल १९६१, शनिवार
वेदीवरची पितळी घंटा सापडत नाही. येशूच्या मरणाच्या शोकात गुरुवारपासून ती वाजवायची नसते, लाकडी टाळीवर भागतं. आज रात्री ईस्टरच्या मिस्साला, उपासनेला, हवी. मी मिशन-शाळेचा मास्तर, चर्चचं सामानही माझ्याकडेच. उपासाने डोकं भणभणतंय. ठाण्यातला जमादार आला. "संशय कोनावर हाय, मास्तर?" म्हटलं, तांड्यावरची माणसं लाकूडफाटा घेऊन येतात. "नाव?" काल सोमला आला होता. आमच्या बाप्तिस्म्याच्या वहीत तो थॉमस आहे. मी 'सोमला लमाण' सांगितलं. का?

३ एप्रिल
सोमलाला ठाण्यात नेलं. बायको झमकी शाळेच्या दारात बसून. "मास्तर, त्याले मारून राह्यले. तुमी सांगा ना, तो चोर नाही मनून." म्हटलं, चौकशी होईल, सुटेल. जमादार सांगत होता, "लमाणाची जात, मारल्याबिगर बोलत नाही." फादरांनी जमादाराला चहा दिला. कपबशी मी नेली.

६ एप्रिल
सोमला जामिनावर सुटला. उजवा हात मोडलेला. खटला उभा राहणार. तोवर रोज संध्याकाळी पाचला ठाण्यात हजेरी.

७ एप्रिल
मयताच्या मिस्साचे, गुड फ्रायडेचे काळे झगे उन्हात घालायला काढले. पेटीच्या तळाशी घंटा. गुड फ्रायडेला झगे परत ठेवताना मीच... आता लख्ख आठवतं. पुन्हा गुंडाळून ठेवली. देवा.

८ एप्रिल
पापकबुलीला गेलो. जाळीपलीकडून फादर म्हणाले, "ठाण्यात जाऊन सांग. सांगून ये, मग क्षमा देतो." म्हटलं, तुम्हीच सांगा ना. "कबुलीत ऐकलेलं मला कुठेच बोलता येत नाही. हेच माझ्या खोलीत येऊन सांगितलं असतंस, तर आत्ता तुझ्याबरोबर निघालो असतो."
हे मला ठाऊक नव्हतं थोडंच! पोरांना मीच शिकवतो. म्हणूनच जाळीपाशी गेलो का मी? अजूनही त्यांच्या खोलीत जाता येईल. वीस पावलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोरच नाही.

९ एप्रिल, रविवार
प्रवचन: देवाच्या घरी जात नाही. तांड्यावरचे मागे दाराशी, गोणपाटावर. ती गोणपाटं दर रविवारी मीच अंथरतो. फादरांनाही कधी खटकली नाहीत. क्षमेशिवाय घेता येत नाही, म्हणून ख्रिस्तप्रसाद घ्यायला उठलो नाही. घरी बायको, "काहून नाही गेले तुमी?" पोट बिघडलं म्हटलं.

१५ एप्रिल
सोमला आला. डाव्या हातात बैलाच्या गळ्यातली जुनी घाट, मोठी घंटा. "माया आजाच्या लदेणीच्या, मीठ लादून नेनाऱ्या बैलाची हाय. देवाच्या घरी घंटी नाही, बरं नाही दिसत. लावा." घेतली. काय करणार? जाताना म्हणाला, "नाव कोनं सांगतलं मालूम नाही. भेटला तं इचारीन, मायं काय चुकलं. तुमी तं माया बाजूनंच बोल्ले असान." मान हलवली. हो म्हणून हलवली. लाज वाटते लिहायला.

१६ एप्रिल, रविवार
मिस्साला ती घाट वाजवली. गोणपाटावरची सगळी माणसं ताठ बसून ऐकत होती. सोमला हसला. फादरांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

१७ एप्रिल
साडेचार. घंटा पिशवीत घातली आहे. लोलक फडक्याने बांधला, रस्त्यात वाजू नये. नोकरी जाईल, ही मिशनची खोलीही. जमादार मलाच आत टाकेल कदाचित. पण त्या सगळ्यापेक्षा सोमलाच्या तोंडाकडे बघायची भीती वाटते. हजेरीला तो इथूनच जातो. त्याला वाटेतच सांगायचं, जमादाराच्या आधी.
बायको म्हणाली, "पिशवीत काय हाय?" भाजी आणतो म्हटलं.
फडकं सोडलं. परत बांधलं.
सोमला फाटकापाशी आला. डावा हात वर करून रामराम करतोय.