पेशीचा पसारा

१० जानेवारी १९८३, सोमवार
माझ्या भाड्याच्या खोलीला चुना मारणं चालू, म्हणून प्रेमिलाताईकडे नंदनवन वस्तीत आलो. आठच दिवस. सोबत एकच ट्रंक. व्हरांड्यातल्या बाजेवर सोय झाली. माझ्या गरजा फार थोड्या आहेत, हे ताईला आल्या आल्याच सांगितलं.
६ फेब्रुवारीला विज्ञान मंडळात माझं व्याख्यान. विषय: कॅन्सर शरीरात कसा पसरतो. सोप्या मराठीत. अध्यक्ष आमचे प्रिन्सिपॉलसाहेब. इतकी वर्षं टेंपररी लेक्चरर आहे. व्याख्यान रंगलं की पर्मनंट करू, असं ते बोललेत. रंगणारच.

१२ जानेवारी
मुद्दे काढले. साधी पेशी घरंदाज असते. शेजारच्या पेशींचे हात धरून, खालच्या पातळ पडद्यावर आपल्या जागी बसलेली. पेशी बिघडून कॅन्सरची झाली की आधी हात सोडते. मग रूप बदलते. चौकोनी होती ती लांबट होते, सरकायला लागते.
व्हरांड्यात उजेड कमी. बैठकीतल्या टेबलाकडे सरकलो. तिथे भाची जया बी.ए.चा अभ्यास करत होती. तिला म्हटलं, तू व्हरांड्यात बस, हवा चांगली आहे. म्हणाली, "मामाजी, हवा चांगली हाये तं तुमीच काहून नाही बसत तिथं?" मुलीचं अभ्यासात लक्ष नाही.

१७ जानेवारी
आठ दिवस झाले. चुना वाळला असेल. पण काम रंगात आलं असताना जागा बदलू नये.
पुढचा टप्पा लिहिला: पेशी खालचा पडदा विरघळवते आणि पलीकडे शिरते. बैठक आणि आतली खोली यांच्यामधला पडदा सारखा तोंडावर येत होता. काढून ठेवला. आत भाऊजी झोपले होते. बळीरामभाऊजी कोराडीच्या पॉवर स्टेशनात रात्रपाळी करतात आणि दिवसा झोपतात. सवय वाईट. डोळे चोळत म्हणाले, "आनंदराव, पडद्यानं काय बिघडवलं होतं गा तुमचं?" त्यांना पेशी समजावून सांगितली. ते ऐकता ऐकता उशी घेऊन व्हरांड्यात गेले.

२१ जानेवारी
मॉडेल केलं. भाऊजींच्या कॅरम बोर्डावर ताईची तुरीची डाळ डिंकाने चिकटवली. एक दाणा म्हणजे एक पेशी. हालचाल दाखवायला काही दाणे मोकळे ठेवले. संध्याकाळी ते दिसेनात. एक भाऊजींच्या उशीत निघाला, काही जयाच्या चपलेत, बाकीचे शेजारच्या गोपिकाबाईंच्या अंगणात. मॉडेल यशस्वी.
ताई म्हणते, ही डाळ वर्षभराची होती, इतवारी बाजारातून आणलेली. विज्ञानाला थोडा त्याग लागतोच. उद्यापासून तेल सोडणार आहे, म्हणजे वजन उतरेल आणि स्टेजवर बरा दिसेन.

२२ जानेवारी
जेवायला भजी होती.

२६ जानेवारी
कॅन्सरच्या अशा दूरवर पसरण्याला, म्हणजे मेटास्टॅसिसला, मराठी शब्द तयार केला: परस्थानप्रसरण. ताईला ऐकवला. ती भाजी निवडायला रिकामी जागा शोधत स्वयंपाकघरात उभी होती. माझे तक्ते तिथे वाळत आहेत. म्हणाली, "काहून गा आनंदा, साधं पसारा म्हण ना." हसू आलं. पसारा हा काय शास्त्रीय शब्द आहे? वर दोनदा विचारलं, "पसारा आवरून राहिला का नाही तू?" तिला नीट सांगितलं, एकदा पसरल्यावर आवरणं फार कठीण, जगभर संशोधन चालू आहे.

३० जानेवारी
घरात जागा पुरत नाही. गोपिकाबाईंची मागची खोली रिकामीच असते. मधली भिंत बुटकी आहे, ओलांडता येते. तक्ते तिकडे लावले.
भटक्या पेशी बहुतेक वाटेतच मरतात. एखादीच टिकते, कारण नवी जागा मानवावी लागते. गोपिकाबाईंचा चहा मला मानवतो.
माझा स्वतःचा एक तर्क: नव्या जागी बस्तान बसलं की ती पेशी पुन्हा घरंदाज दिसू लागत असावी. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

६ फेब्रुवारी, रविवार
व्याख्यान झालं. हॉल भरला होता. घरचे आणि गोपिकाबाई पहिल्या रांगेत. तासभर परस्थानप्रसरण समजावलं. कॅरम बोर्ड उभा केला तेव्हा सगळी डाळ खाली आली. साहेबांनी लोकांना विचारलं, कोणाला काही समजलं का. मग ताई उठली.
"मले समजलं, साहेब. थे पेशी पहिले कोपऱ्यात गुमान बसते. म्हणते, मले काही लागत नाही. मंग लेकराचं टेबल घेते. मंग पडदा काढते. घरधन्याले बाहेर झोपवते. मंग भिंतीवरून शेजारी जाते न् तिथं चहा पेते. अन् तिले जाय म्हणता येत नाही, काहून का थे आपल्याच आंगाची असते."
हॉल हसला. टाळ्या थांबेनात. साहेबांनी विचारलं, याला शब्द कोणता? ताई म्हणाली, "पसारा." पुढच्या महिन्याचं व्याख्यान ताईला दिलं.
मला बाहेर गाठून साहेब म्हणाले, "आनंदराव, पर्मनंट करणारच होतो. पण तुम्हाला एक खुर्ची दिली तर स्टाफरूमचं काय होईल, याची धास्ती वाटते." बोलण्याचा अर्थ लागला नाही.
आणि ताईकडे असं कोण येऊन राहिलं होतं? एवढे दिवस मी घरातच होतो. मला तरी कोणी दिसलं नाही.

७ फेब्रुवारी
सकाळी ट्रंक व्हरांड्यात भरून ठेवलेली. ताईने स्वतः भरली. माया आहे. पडदा पुन्हा जागेवर लागला होता.
खोलीवर आलो. चुना छान बसलाय. आत माझ्या टेबलाशी घरमालक चंपतरावांचा भाचा लिहीत बसला होता. म्हणाला, आठच दिवसांचा प्रश्न आहे. त्याच्यासोबत एकच ट्रंक आहे. गरजा फार थोड्या आहेत म्हणे. मला म्हणाला, तुम्ही व्हरांड्यात बसा, हवा चांगली आहे.
बसलोय. उजेड कमी आहे.