उघडी छाती

तुळजापूर, मंगळवार, दिवेलागणीला

सोलापूरच्या डॉक्टरांनी आज सरळच सांगितलं, कॅन्सर आहे. प्रोस्टेटची गाठ अजून लहान आहे, पण ऑपरेशन की गोळ्या, ते लवकर ठरवा म्हणाले. ऑपरेशन केलं तर लघवी कायमची गळत राहू शकते. मग सोवळ्यात देवीला हात लावायचा कसा? गोळ्यांनी गाठ दबेल, पण छाती बाईसारखी वाढेल. पूजेची पाळी आली की गाभाऱ्यात उघड्या अंगानं उभा राहणारा पुजारी मी. लोक देवीकडं बघतील का माझ्या छातीकडं? काहीच नको म्हणावं, तर गाठ थोडीच थांबणार? एसटीत सारखा हात छातीवरच जात होता.

घरी हिला एवढंच सांगितलं, लघवीच्या त्रासावर गोळ्या दिल्यात, त्यांनी छाती वाढते. ही वाती वळत होती. म्हणाली, "आवं, देवी बी बाईच हाय की. तिला कशाची लाज?" आणि हसली.

मीही हसलो. हात पुन्हा छातीवर गेला, तर आत नुसती धडधड. हिला वाटतंय, मी लाजेला भितोय. कॅन्सर हा शब्द मी अजून उंबऱ्याच्या आत आणलेलाच नाही.